हजेरीपटावर नऊच नावं आणि 26 आठवड्यांचा पगार

पत्र, थोडक्यात: जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं बियाणं प्रतवारी आणि पॅकिंगचं युनिट आहे. सोयाबीन, कपाशी, हरभरा. मी आणि धाकटा भाऊ भागीदार. डिसेंबरपासून 13 माणसं कामाला आहेत, त्यात चार बाया. हजेरीपटावर मात्र नऊच नावं. अकाउंटंट म्हणतो, दहाच्या आत राहा, मागे कटकट नाही. उगवण तपासणी बघणारी ताई तीन वर्षांपासून आमच्याकडे आहे, पगार 16,500. तिला चौथा महिना लागलाय, डॉक्टरांनी 20 जुलै तारीख दिली आहे. सहा महिने काम नाही आणि पगार चालू, म्हणजे लाखाचा खड्डा. भाऊ म्हणतो, राजीनामा घे, वर्षाने परत घेऊ. हिशेबाच्या जागेसाठी येत्या बुधवारी एक मुलगी मुलाखतीला येणार आहे, तिचं नुकतंच लग्न झालंय. भावाचं म्हणणं, आता बायामाणूस घ्यायचंच नाही. मला ताईला तोडायचं नाही, पण धंदाही बघावा लागतो. काय करावं?

भाऊ, आधी सरळ उत्तर, मग हिशेब.

राजीनामा मागू नका. रजा 26 आठवड्यांची आहे, भरपगारी आहे आणि या खेपेला तो पगार तुमच्याच खिशातून जाणार आहे. पण तो ताई बाई आहे म्हणून जात नाहीये. तुमच्या हजेरीपटावर तेराऐवजी नऊ नावं आहेत म्हणून जातोय. अकाउंटंटने ज्या ईएसआयपासून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेपासून, तुम्हाला लांब ठेवलं, त्याच ईएसआयने हे 26 आठवडे भरले असते. हे एकदा नीट ध्यानात आलं की भावाच्या म्हणण्याचंही उत्तर त्यातच मिळतं.

कायद्याचं लवकर आटोपतो. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली आणि 12 आठवड्यांचे 26 झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण रजेच्या तरतुदी त्याच राहिल्या. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, तिसऱ्यासाठी 12. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असलं की बाई पात्र. दवाखान्याची सोय तुम्ही फुकट करत नसाल तर वर 3,500 रुपये वैद्यकीय बोनस. दुर्दैवाने गर्भपात झालाच तर सहा आठवडे पगारी रजा. हे शेवटचं कित्येक मालकांना माहीत नसतं, आणि नेमकी त्या दुःखात असलेली बाई चौथ्या दिवशी कामावर आलेली दिसते.

तुमच्यासारख्या आस्थापनेला हे दहा माणसांपासून लागू होतं. दहा म्हणजे प्रत्यक्ष कामावरची दहा, वहीतली नव्हेत. गुत्तेदाराने हंगामात पॅकिंगला पाठवलेल्या बायाही त्यात धरल्या जातात आणि 24,000 पगाराचा सुपरवायझरही. तुम्ही दोघे भाऊ भागीदार, तुम्हाला धरत नाहीत. एकदा ईएसआय लागू झालं की पुढे माणसं नऊवर आली तरी ते सुटत नाही. म्हणून 'दोघांना कमी करू आणि मोकळे होऊ' हाही मार्ग नाही.

राजीनाम्याचं एवढंच सांगतो. गरोदरपणामुळे कामावरून काढणं आणि पगार न देणं, दोन्हीला दंड आणि तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे. 'तिनेच लिहून दिलं' म्हणणारा मालक कामगार अधिकाऱ्यापुढे फार वेळ टिकत नाही, कारण तारखा बोलतात: मार्चमध्ये राजीनामा, जुलैमध्ये बाळंतपण, पुढच्या वर्षी त्याच खुर्चीवर त्याच पगारात परत. शिवाय तिची तीन वर्षांची सलग नोकरी तुटते. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात 26 आठवड्यांची प्रसूती रजा सलग सेवा धरतात. राजीनाम्याने तिची ती वर्षं पुसली जातात. इतकी वर्षं तुमच्या बियाण्याच्या लॉटवर जिची सही आहे, तिच्याशी असं वागायचं तुमच्याही मनात नाही, ते पत्रात दिसतंच आहे.

आता पैसे. तुमच्याकडे ताई 16,500, मशीन ऑपरेटर आणि जुना कारकून मिळून 38,000, आणि बाकी नऊ जण सरासरी 13,500 वर असतील, तर ईएसआयमध्ये येणाऱ्या 12 जणांचा महिन्याचा पगार होतो 1,76,000. सुपरवायझर ईएसआयच्या 21,000 पगाराच्या मर्यादेवर असल्याने वर्गणीतून बाहेर. मालकाची वर्गणी 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 5,720. कामगाराची 0.75 टक्के, म्हणजे सगळ्यांची मिळून 1,320, ती त्यांच्या पगारातून कापायची. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, टक्के हेच आहेत.

वर्षाचे तुमचे झाले 68,640. अकाउंटंटने वाचवले ते हे. त्या बदल्यात आज एका बाळंतपणाचे 99,000 अंगावर आले. आणि उद्या ग्रेडरच्या पट्ट्यात कोणाचा हात सापडला तर ते याहून मोठं असेल, कारण नऊमध्ये नाव नसलेला माणूस 'माझ्याकडे नव्हताच' असं तेव्हा म्हणता येणार नाही.

या आकड्यांत भावासाठी एक गोष्ट आहे, ती त्यांना कागदावर लिहून दाखवा. 3.25 टक्के हा दर माणसागणिक सारखा आहे. तेराच्या तेरा पुरुष ठेवले तरी 5,720 च जाणार आणि चारच्या जागी आठ बाया घेतल्या तरी 5,720 च. वर्गणी भरूनही बायका घ्यायच्या नाहीत म्हणजे पैसे भरलेली सोय वापरायची नाही. ईएसआयमधल्या बाईचे 26 आठवडे महामंडळ देतं, तिच्या सरासरी रोजाच्या पूर्ण दराने, थेट तिच्या खात्यावर. त्या काळात तुम्ही फक्त बदली माणसाचा पगार देता. ताई 16,500 वर आणि बदली 13,000 वर असेल तर महिन्याला तुमचे उलट 3,500 कमी जातात.

ईएसआय नसतानाही खरा जादा खर्च 99,000 मोजू नका. ताई कामावर असती तरी तिचा पगार तुम्ही दिलाच असता. जादा जातो तो बदलीचा: 13,000 प्रमाणे सहा महिन्यांचे 78,000. तेही कामाच्या बदल्यात.

मग या खेपेला ईएसआय का नाही? आज नोंदणी केली तरी नव्याने विम्यात आलेल्या माणसाचा पहिला लाभ-कालावधी, म्हणजे लाभ मागता येण्याचा काळ, नऊ महिन्यांनी सुरू होतो. डिसेंबर धरला तर तो सप्टेंबरला उघडेल, आणि बाळंतपण जुलैत आहे. ईएसआयचा लाभ मिळण्याची पात्रता येईपर्यंत जबाबदारी मालकाचीच राहते, हेही कायद्यात स्पष्ट आहे. कोणी मागच्या तारखेने खोटी नावं चढवून द्यायची भाषा केली तर त्या वाटेला जाऊ नका. मात्र तुम्ही दहावर कधी गेलात ती खरी तारीख नोंदणीत नक्की टाका. शाखा कार्यालयात ताईचा लाभ-कालावधी कधीपासून धरला, ते लेखी विचारून घ्या.

खरी तारीख टाकायला मालक घाबरतात ते थकबाकीमुळे. तुमची किती होते बघा. वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते, म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने हुकले. दोन्ही हिस्से मिळून 14,080, त्यावर वर्षाला 12 टक्के दराने व्याज आणि उशिराची दंडात्मक रक्कम. कामगाराचा मागच्या महिन्यांचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही, तोही तुम्हीच भरायचा. तरीसुद्धा हा आकडा आज जेवढा लहान आहे तेवढा परत कधीच नसेल. दर 15 तारखेला तो वाढतोय.

नोंदणी ऑनलाइन होते. आस्थापनेला 17 अंकी कोड मिळतो, प्रत्येक कामगाराला 10 अंकी विमा क्रमांक. हे काम एका दिवसाचं आहे. पुढे बाया लाभाला मुकतात त्या दोन बारीक चुकांमुळे, म्हणून त्या उलगडून सांगतो.

पहिली नावाची. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, तुमच्या वहीत नुसतं 'सुनीता पॅकिंग'. अर्ज तिथेच अडकतो आणि बाळंतीण तान्हं लेकरू घेऊन आधार केंद्राच्या रांगेत उभी राहते. चारही बायांचं आधार, पासबुक आणि विम्यातलं नाव आजच समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर कोणतं एक नाव सगळीकडे ठेवायचं ते तिचं तिला ठरवू द्या, पण ते सगळीकडे एकच असू द्या.

दुसरी चूक दिवसांची. दर महिन्याचं विवरण भरताना प्रत्येकाच्या नावापुढे कामाचे दिवस टाकायचे असतात. प्रसूती लाभाला आधीच्या दोन वर्गणी-कालावधींत मिळून किमान 70 दिवस लागतात. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे चालतात. अकाउंटंट पगाराचा आकडा बरोबर टाकतो, दिवसांच्या रकान्यात मात्र घाईत शून्य राहतं. वर्गणी पूर्ण गेलेली असते आणि लाभ मात्र नाकारला जातो. दर महिन्याला ते विवरण सहीआधी तुम्ही स्वतः एकदा बघा. हजेरीपट शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागतात.

आता या जुलैची तरतूद. पगार कसा द्यायचा ते कायद्यानेच ठरवलंय: बाळंतपणाआधीच्या भागाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. 99,000 ला 26 ने भागलं की आठवड्याला साधारण 3,808. ताई चार आठवडे आधी थांबली तर सुमारे 15,230 आगाऊ आणि 83,770 बाळ झाल्यावर. मालक फसतात ते इथेच. त्यांनी महिन्याच्या महिन्याला 16,500 डोक्यात धरलेले असतात आणि जुलैत एकदम 84,000 मागे लागतात. जुलैत तुमचा पैसा मोंढ्यातल्या आणि तालुक्याच्या दुकानदारांकडे अडकलेला असतो, वसुली पोळ्याच्या पुढे सरकते. म्हणून या महिन्यापासून जूनपर्यंत दर महिन्याला 20,000 वेगळ्या खात्यात टाका. पाच महिन्यांत लाख होतात, त्यात वैद्यकीय बोनसही जवळपास बसतो. ते खातं हंगामाच्या उचलीला वापरायचं नाही, हे भावाशी आधीच ठरवा.

रोजंदारीवरच्या बाकी तीन बायांचा विषय आज ना उद्या येईलच. रोजंदारी म्हणून हक्क जात नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या कामगार बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हे स्पष्ट केलं. त्यांचा हिशेब करताना रविवार गाळण्याची चूक सर्रास होते. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, 156 नव्हे. सुट्टीचे दिवसही धरायचे, हे 1977 मध्येच ठरलेलं आहे. रोज 500 असेल तर 78,000 नाही, 91,000. म्हणूनच म्हणतो, त्यांची नावं विम्यात चढायला आणखी एक महिनाही जाऊ देऊ नका.

आता काम कसं चालवायचं ते. आमच्या मते तुमची खरी अडचण पैशापेक्षा इथे आहे.

कायद्याने ताई बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ आठवडे थांबू शकते. 20 जुलैपासून मोजलं तर 25 मे. ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. सक्ती बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांची: त्या काळात तिने हो म्हटलं तरी तुम्ही तिला कामावर घ्यायचं नाही. 25 मे ला थांबली तर रजा 22 नोव्हेंबरला संपते, 22 जूनला थांबली तर 20 डिसेंबरला. कोणती तारीख, हे तिने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण आधीच विचारून ठेवा, कारण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, डोहाळजेवण झालं की न्यायला माणसं येतात. सातव्यातच जायचं ठरलं असेल तर ती मेच्या आधीच जाईल, आणि आठ आठवड्यांच्या आधीचे ते दिवस साध्या रजेत धरावे लागतील. माहेर परभणीकडे असो की मंठ्याला, दवाखान्याची फाईल आणि बँकेचं पासबुक सोबत न्यायला सांगा.

तुमचा खरीप हंगाम बघता मार्च ते मे ती कामावर आहे. म्हणजे सोयाबीनच्या बहुतेक लॉटची तपासणी तिच्या हातूनच होणार. तिची गैरहजेरी जाणवेल ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, हरभऱ्याच्या वेळी. भावाला वाटतं तेवढं हे आभाळ कोसळणं नाही.

बदली माणूस मात्र एप्रिलच्या सुरुवातीला घ्या, जूनमध्ये नको. उगवण तपासणी बघून येत नाही, मोजून येते. सोयाबीनच्या एका नमुन्याला 400 बिया, ओल्या कागदाच्या गुंडाळीत 50-50 च्या आठ, 25 अंशाला. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. गुंडाळी उलगडली की मेलेलं बी कोणालाही कळतं, चांगला कोंबही कळतो. अडतं ते मधल्यावर. मळणीत मार बसलेलं सोयाबीन उगवतं, कोंब हिरवागार दिसतो, पण डाळिंबीला चीर असते, नाहीतर कोंबाच्या दांड्यावर आडवी भेग. नवखा माणूस त्याला 'उगवलं' म्हणून मोजतो. ताई तो उजेडाकडे धरते, अंगठ्याने हलकेच वळवते आणि 'अनियमित'मध्ये टाकते. सोयाबीनला उगवणीची किमान मर्यादा 70 टक्के आहे. 85 चा लॉट कोणीही पास करेल. 69 आणि 72 मधला फरक ओळखणारी नजर तुमचं नाव वाचवते, आणि पेरलेलं न उगवल्याचं शेतकऱ्याचं नुकसानही.

म्हणून सहा आठवडे दोघांना एकाच गुंडाळ्या वेगवेगळ्या मोजू द्या. एकमेकांचे आकडे न बघता, वेगळ्या वह्यांत. संध्याकाळी आकडे शेजारी ठेवा. पहिले पंधरा दिवस फरक मोठा येईल, येऊ द्या. चौथ्या आठवड्यानंतरही फरक चार-पाच टक्क्यांवर राहत असेल तर कोणत्या प्रकारात राहतो ते बघा. बहुतेक वेळा तो 'अनियमित'मध्येच असतो. तसे कोंब ताईला वेगळे काढायला सांगा, फोनवर फोटो काढा, खाली कारण लिहा आणि तो संच भिंतीवर लावा. ताई रजेवर असताना हाच संच कामाला येईल. बाळंतिणीला रोज फोन करून 'हे बघ ना जरा' म्हणायची वेळ येऊ देऊ नका. रजेत तिच्याकडून काम करून घेणं बरोबर नाही.

बदलीला नेमणूकपत्र द्या, त्यात मुदत आणि कारण लिहा: अमुक तारखेपर्यंत, रजेच्या जागेवर. तोंडी ठेवलं तर डिसेंबरात दोघांपैकी कोणाला ठेवायचं यावरून भांडण लागतं. खुर्ची ताईची आहे, हे पहिल्या दिवसापासून दोघांनाही माहीत असावं.

ताईच्या तब्येतीची एक गोष्ट आजपासूनच. तुमच्याकडे बीजप्रक्रिया होते, थायरम आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं लागतात. प्रक्रियेच्या ड्रमजवळ तिला उभं करू नका, रंग लावलेल्या बियाण्याचे नमुने तिच्याकडून काढून घेऊ नका. तो भाग दुसऱ्याकडे द्या आणि तिला बिनप्रक्रियेच्या नमुन्यांवर ठेवा. ड्रम आणि तपासणीची खोली यांच्यात नुसता पडदा असेल तर तिथे दार बसवा. शेवटच्या महिन्यांत तिने सांगितलं की जड उचलणं आणि तासन् तास उभं राहणं बंद, हे कायद्यातही आहे, आणि काम हलकं केलं म्हणून पगार कापता येत नाही. जालन्याचा मे म्हणजे पत्र्याखाली भट्टी. मोजणीच्या टेबलाला उंच स्टूल, कूलर, पिण्याचं पाणी आणि कडी लागणारं वेगळं स्वच्छतागृह. एवढ्यासाठी बाई अर्धा दिवस पाणी न पिता काढते, ही वेळ तुमच्या युनिटमध्ये कोणावरच येऊ नये.

परत आल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला जायची मोकळीक द्यायची, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. पाळणाघराची सक्ती 50 माणसांपासून आहे, तुम्हाला नाही. ती घर जवळ घेणार असेल तर या दोन सुट्ट्यांत काम भागतं. लांब राहणार असेल तर आजी बाळाला घेऊन थांबू शकेल अशी एक बंद, धूळ नसलेली खोली द्या. गोदामातली नको, तिथे बियाण्याची धूळ आणि औषधाचा वास असतो.

तुमच्याहून लहान असणारे, चार-पाच माणसांवर दुकान चालवणारेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. दहाच्या आत असलात तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर ईएसआयमध्ये स्वतःहून जाता येतं. आणि पगारी रजा नसलेल्या बाईला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत 5,000, दुसरी मुलगी झाली तर 6,000 मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा किंवा ई-श्रमसारख्या कार्डाचा पुरावा लागतो. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडे गरोदरपणाची नोंद लवकर झाली नाही तर पहिला हप्ता लटकतो.

आमचं एक मत इथे मांडतोच. लहान मालकावर एकट्यावर 26 आठवड्यांचा भार टाकणं ही कायद्यातली कमतरता आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2000 सालच्या 183 क्रमांकाच्या करारातही हा खर्च एकेकट्या मालकावर पडू नये असंच म्हटलंय, आणि भारताने तो स्वीकारलेला नाही. 2018 मध्ये 15,000 पर्यंत पगार असलेल्या बायांच्या सात आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची योजना केंद्राच्या कामगार मंत्रालयाने मांडली होती, पण त्याच्या भरवशावर हिशेब धरता येईल असं पुढे काही झालं नाही. मालकांच्या संघटनेच्या बैठकीला जाता तेव्हा हा विषय काढा. तक्रार सरकारकडे न्यावी. ती मुलाखतीला आलेल्या मुलीवर काढली तर सगळ्यात दुबळ्या माणसावर निघते.

राहिली बुधवारची मुलाखत. लग्न कधी झालं, मूल कधी, सासरचे काय म्हणतात, यातलं काही विचारू नका. भरती करताना बाई म्हणून डावलणं वेतन संहितेतही मना आहे. 'आली आणि लगेच रजेवर गेली' ही भावाची भीती असेल तर 80 दिवसांची अट वर सांगितलीच आहे. आणि एका बाईच्या 25 वर्षांच्या नोकरीत दोन बाळंतपणं धरली तरी 1,300 आठवड्यांतले 52 होतात, चार टक्के. शेंद्र्याला नाहीतर वाळूजला दोन हजार जास्त मिळाले म्हणून हंगामाच्या तोंडावर निघून गेलेली पोरं भावाला आठवत असतील. ती नोटीससुद्धा देत नाहीत. इथे तुम्हाला पाच महिने आधी कळतं.

तिला मुलाखतीत टॅलीवर बसवा. वजनाची पावती, विक्रेत्याचं परत आलेलं बियाणं आणि त्याची क्रेडिट नोट, या तीन कागदांवरून नोंदी करायला सांगा. बियाणं परत येण्याचा हिशेब ज्याला जमतो त्याला तुमच्या धंद्यातलं बाकीचं शिकवता येतं. नेमलंत तर नेमणूकपत्रातच प्रसूती लाभाची ओळ लिहा, प्रत्येक बाईला नेमतानाच हे लेखी कळवणं कायद्याने तुमच्यावर आहे. आणि पहिल्याच दिवशी तिचं नाव विम्यात चढवा, चौदावं म्हणून.